धोंड्याचा आहेर, फटीचा डबा

आमच्या जावयाचं वागणं मला कधी म्हणजे कधीच पटलं नाय! माणूस कुणाच्या घरी पाहुणा गेला तर काय बघतो? माणसं बघतो, चहात दूध किती ते बघतो, फार तर भिंतीवरचे फोटो बघतो. आमचा सूर्यभान माळा बघतो! पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी त्याची मान वर. "मामी, त्या वरच्या खोक्यात काय आहे हो?" माझ्या भागूला बघायला आला होता, तेव्हाही तेच. पोरगी खाली मान घालून पोहे घेऊन उभी, आणि याचे डोळे माळ्यावर! मला वाटलं, पोरगं लाजतंय. शेजारणीला म्हटलं सुद्धा, बघा किती मर्यादेचं आहे. कसली मर्यादा! तो टीव्हीचा जुना गेम हुडकत होता!

ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगते. गेम म्हणजे एक काळा डबा. त्याला दोन शेपट्या, शेपटीच्या टोकाला एकेक दांडी. डब्यात वरून कॅसेट खुपसायची, डबा टीव्हीला जोडायचा, आणि दांडी हलवली की पडद्यावर ठिपके पळतात. बस्स, एवढंच! आता बाजारात तसले नवे, रंगीत, गाणी म्हणणारे निघालेत. पण नवा दाखवला की आमचे जावईबापू तोंड असं करतात, जशी कुणी शिळी भाकर वाढली. त्यांना हवा जुना! दहा-बारा वर्षांमागं कुणी दुबईहून, सौदीहून आणलेला, पोरांनी खेळून फेकलेला, झुरळांनी आत संसार थाटलेला! असले डबे त्यांच्या फुलंब्रीच्या घरात ट्रंकभर. सुट्टीच्या दिवशी सगळे अंगणात बाजेवर मांडायचे आणि ऊन दाखवायचं, बाया वाळवण घालतात तसं. एकेक कॅसेट उचलायची आणि तिच्या तोंडात फुंकर मारायची. लेकराच्या डोळ्यात कचरा गेल्यावर आई मारते ना, अगदी तसली! भागू सांगायची, "आई, माझ्या डोळ्यात खरंच कचरा गेला होता, तेव्हा म्हणाले, थांब, ही कॅसेट होऊ दे."

तरी पोरगी दिली, कारण बाकी पोरगं सोन्यावाणी. वाळूजच्या कंपनीत फिटर, नोकरी कायमची, दारू नाय, तंबाखू नाय, आईच्या शब्दाबाहेर नाय. आणि हे शेवटचं जे आहे ना, आईच्या शब्दाबाहेर नाय, तीच सगळी मेख होती!

कारण त्याची आई म्हणजे आमची विहीण, साळूबाई. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाय. फक्त एवढंच सांगते, की आमच्या सासऱ्यांच्या कळपात एक एडका होता. वाटंनं कुणी शहाणं माणूस चाललं तरी तो आधी मागं सरकायचा, मग डोकं खाली घालायचा. साळूबाई बोलायच्या आधी तशीच मागं सरकून बसते.

त्या साली भादवे दोन आले होते. अधिक महिना, आमच्याकडं म्हणतात धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, आहेर करायचा. आणि त्याच सुमारास आमची भागू सातव्या महिन्यात. पहिलटकरीण! पहिलं बाळंतपण माहेरी, ही जगरहाटी. पण साळूबाई म्हणायला लागली, "माहेरी कामून? आमच्याकडं काय काट्यावर झोपवतो का तिला?" मी निरोपावर निरोप धाडले. शेवटी तिचा निरोप आला. धोंडे जेवायला आम्ही तिघं येतो. भागूची बॅग भरून आणते. आमच्या पोराचा मान झाला, त्याचं मन निवलं, तर बॅग तुमच्याकडं ठेवून जाते. नाय तर बॅग आणि सून दोन्ही माघारी.

आता सांगा, माझी लेक म्हणजे काय पसंतीवर आणलेलं लुगडं आहे? पण गरज माझी होती. दिवस-रात्र एकच दिसायचं, बाळंत होताना भागूनं आई म्हणून हाक मारली तर 'ओ' द्यायला साळूबाई उभी!

मी मालकांना सांगितलं, "बघाच तुम्ही! असा आहेर करते, की जावई इथून हालणार नाय आणि साळूबाईच्या तोंडाला कुलूप लागंल!"

आमचे मालक, कारभारी नाव त्यांचं, पण कारभार मीच करते, ते म्हणाले, "अंगठी करावी."

"अंगठी सगळेच करतात! याला जे हवं ते देईन."

"काय हवंय त्याला?"

"डबा!"

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग पंच्यानं तोंड पुसलं आणि गप बसले. तीस वर्षांच्या संसारात ते एवढंच शिकलेत.

डबा कुठं आहे, ते मला ठाऊक होतं. सिटी चौकाच्या मागं एक खाला राहते. बकरीदला त्यांचं बकरं आमच्या सासऱ्यांच्या कळपातूनच जायचं, इतकी जुनी ओळख. तिच्या दिरानं सौदीहून आणलेला डबा तिच्या माळ्यावर होता, आणि सूर्यभान दोन वर्षं त्याच्यासाठी झुरत होता. मी गेले तर खाला खुश!

"आओ द्वारकाबाई, कित्ते दिन के बाद!"

"खाला, वो माळे पे का डब्बा होना था."

"कौनसा?"

"वो टीवी का. ठिपके भागते ना, वो."

"उई! वो कबाड? कायकु होना?"

"जवाई को देना है. धोंडे का मैना है."

खालानं पानाचा विडा गालात फिरवला. "जवाई से कुछ झगडा है क्या?"

"नाय ओ! उसको पसंद है."

"हां, आया था तुमारा जवाई. डब्बे कू हात लगाया और आंख में पानी! मैं बोली, कोई पगला घुस गया. भगा दी मैं."

माझी मान खाली गेली. पण मी सोबत आमच्या मेंढ्यांच्या लोकरीची काळी घोंगडी नेली होती. खालानं ती गालाला लावून बघितली, मांडीवर घेतली आणि पोराला हाक मारली, "उतार रे वो कबाड!"

डबा हातात आला आणि माझी छाती फुगली. दोन वर्षं इंजिनिअरासारख्या पोराला जमलं नाय, ते दुसरी पास बाईनं एका घोंगडीत केलं! डबा मोठा, काळा, पुढच्या अंगाला लाकडी पट्टी, वरून कॅसेट घालायची लांबट फट. घरी आणून ओल्या फडक्यानं पुसला, कोपऱ्यातली झुरळाची अंडी काढली. आणि मग मनात पाल चुकचुकली.

धोंड्याला जावयाला जुनी वस्तू! आमच्यात जुनं दिलं की मान गेला. साळूबाई चारचौघीत विचारणार, "हे कुणाचं उष्टं उचलून आणलं, विहीणबाई?" मग काय करावं? वस्तू जुनी, पण मान नवा कसा दिसावा?

आणि मला सुचलं! भांड्यावर नाव घालतो की आपण! लग्नातलं ताट असो, बारशाची वाटी असो, देणाऱ्याचं नाव कोरलं की ती वस्तू आहेराची झाली. मग तिला जुनी म्हणायची कुणाची छाती? वर आणखी एक फायदा. साळूबाईनं उद्या सांगितलं, की हा डबा आमच्याच पोरानं आणला, तर नाव बोलंल!

नाय तरी मला भांड्यावाल्याकडं जायचंच होतं. पुण्याचा महिना, म्हणून सासऱ्यांच्या नावानं गावच्या बिरोबाला पितळी समई द्यायची ठरली होती. तिच्यावरही नाव घालायचं होतं. एकाच पिशवीत समई आणि डबा घातला आणि गुलमंडीवर गेले.

त्या दिवशी नेमका नामांतराचा मोर्चा. विद्यापीठाच्या नावासाठी माणसं पंधरा वर्षं रस्त्यावर होती. मार खाल्ला, खेड्यांतून घरं जळाली, तरी मोर्चे थांबले नव्हते. निळे झेंडे लांबून दिसायला लागले होते आणि भांडीवाले शटर ओढत होते. नाव घालणारा पोरगा आपलं टुकटुक मशीन आवरून निघालेला.

"मावशी, उद्या या!"

"उद्या नाय, परवा धोंडे आहेत माझ्याकडं! बाहेर ती माणसं एका नावासाठी किती वर्षं चालू राहिली, बघ. तुला एका बाईच्या नावासाठी घडीभर बसवत नाय?"

पोरगा हसला. अर्धं शटर ओढून पुन्हा बसला. "सांगा पटापट."

मी सांगितलं. एकावर घाल, चिरंजीव सूर्यभान यांना धोंड्याची भेट. दुसऱ्यावर घाल, श्री बिरोबा देवस्थानास अर्पण, कैलासवासी भिकन शिंगाडे यांच्या स्मरणार्थ. आणि दोन्हींवर खाली माझं नाव, ठळक! कोणतं कशावर, ते सांगायची मला गरज वाटली नाय. शहाण्याला दिसतंच की!

त्यानं डबा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, वरच्या फटीत बोट घालून बघितलं. "मावशी, याला कुलूप कुठंय?"

"कुलूप कशाला? आमच्याकडं कुणी चोर नाय!"

"बरं," म्हणाला आणि मशीन चालू केलं. आत टुकटुकटुक, बाहेर घोषणा. मी शटरखालून मोर्च्यातले पाय बघत बसले. पायांत चपला नसलेल्या बायाही होत्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. मोर्चा पुढं गेला तोवर पोरानं दोन्ही वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधून दिल्या. घरी जाऊन सुतळी सोडायची, जाड भिंगाचा चष्मा लावायचा, अक्षर जुळवून बघायचं, यातलं काही मी केलं नाय. म्हटलं, आपलं काम म्हणजे पक्कंच असतं!

धोंड्याच्या दिवशी आमचं अर्धं गारखेडं माझ्या ओसरीवर होतं. भामाबाई, मनकर्णाबाई, मागच्या गल्लीतल्या चौघीजणी. मीच बोलावल्या होत्या. मान करायचा तर बघायला माणसं नकोत?

साळूबाई आली. नऊवारी कडक, नाकात नथ. तिच्यामागं भागू, पोटानं जड, तोंड उतरलेलं, डोळ्यांनीच मला विचारत होती, आई, नीट होईल ना? मी बॅग आत न्यायला हात पुढं केला तर साळूबाईनं बॅग उंबऱ्यालगत स्वतःच्या मांडीशी ओढली.

"राहू द्या इथंच. आधी धोंडे होऊ द्या."

सूर्यभान पाटावर बसला. मालकांनी त्याचे पाय धुतले. मी ओवाळलं. दिव्यासकट अनारशाचं ताट त्याच्या हातात दिलं. पोरगं गुमान सगळं करत होतं. पण मान वर! आमचा माळा त्यानं हजारदा बघितलाय, तरी मान वर!

मग मी सकाळी घाईत कागद फाडून, हळदीकुंकू लावून ठेवलेला डबा आतून आणला. वर खणाचं कापड, कापडावर झेंडूची फुलं. पाटासमोर ठेवला आणि कापड ओढलं.

काय सांगू! सूर्यभाननं दोन्ही हात डब्यावर ठेवले, जसं कुणी तान्ह्या कोकराला धरतं. "मामी... हा तो... खालाकडचा?"

"व्हय!"

"मामी!" आणि पोराच्या डोळ्यांत पाणी! भागू हसली. कितीतरी दिवसांनी हसली. साळूबाईसुद्धा मागं सरकायची विसरली. आता तरी थांबावं की नाय मी? नाव वाचायचंय, असं मला कुणी सांगितलं होतं? पण माझी जीभ! ती गप बसली असती तर ही गोष्ट तुम्हाला सांगावी लागली नसती.

"जावईबापू, नाव घातलंय त्याच्यावर. वाचा की! मोठ्यानं वाचा, मागच्या बायांना ऐकू जाऊ द्या!"

सूर्यभान कंपनीत बोर्डावरची सूचना वाचतात तसा खणखणीत वाचायला लागला. "श्री बिरोबा देवस्थानास अर्पण. कैलासवासी..."

तो थांबला. पण भामाबाई नाय थांबली!

भामाबाई सत्तरीची, बिरोबाची मोठी भगत. देवाचं नाव कानावर पडलं की हात आपोआप जुळतात. तिनं डब्याकडं बघितलं. काळा डबा, हळदीकुंकू, झेंडूची फुलं, वरून फट. ती उठली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतलं नाणं काढून फटीत सोडलं.

ठण्!

"अहो आजी!" सूर्यभान किंचाळला.

"राहू दे रे बाबा, फूल ना फुलाची पाकळी," भामाबाई म्हणाली.

आता एका बाईनं देवाच्या पेटीत टाकलं आणि दुसरी नुसती बघत बसली, असं आपल्याकडं कधी झालंय का? मनकर्णाबाई उठली. ठण्! तिच्यामागं चौघीजणी. ठण्! ठण्! सूर्यभाननं फटीवर हात ठेवला, तर एकीनं त्याच्या बोटांच्या मधून घातलं! शेवटी मालकांचाही हात खिशात गेला.

"तुम्ही कामून?" मी ओरडले.

"सगळ्या घालू राहिल्या..." मालक पुटपुटले.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो त्या वेळी. फट! कुलूप! त्या पोराला वाटलं, चकचकीत समई जावयाला आणि हा काळा डबा देवाला, दानपेटी म्हणून! आणि त्याचं तरी काय चुकलं? कोणता शहाणा माणूस उलट समजला असता?

मी आत पळाले, समईचा कागद फाडला, समई घेऊन बाहेर आले. "अहो, अदलाबदल झाली! जावयाचं नाव समईवर आहे, हे बघा! चिरंजीव सूर्यभान यांना धोंड्याची भेट!"

साळूबाई आता मागं सरकली. मला तो एडका दिसला!

"म्हंजी, विहीणबाई," ती हळूच म्हणाली, "माझ्या जित्या पोराच्या हातात तुम्ही मेलेल्याच्या नावाची वस्तू दिली? ती पण देवाला वाहिलेली? सून माझी पोटुशी, आणि सणाच्या ताटासमोर कैलासवासी?"

"चूक झाली, त्या नाव घालणाऱ्यानं..."

"त्याला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं, पण..."

"तुम्ही बघून घेतलं?"

तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखं माझं तोंड भाजलं. ज्या बायांसमोर मिरवायचं म्हणून बोलावल्या, त्या सगळ्या पदराआडून टकामका बघत होत्या. एकीच्या पदराला तर नुसते गचके बसत होते, हसू दाबून! आयुष्यात मी उत्तराला कधी अडले नाय. रेशनवाल्याला, तलाठ्याला, प्लॉटवाल्याला, सगळ्यांना पुरून उरले. त्या दिवशी नुसतं समईचं पितळ पदरानं पुसत उभी राहिले.

साळूबाईनं बॅगेच्या बंदाला हात घातला. "ही समई माझ्या पोराच्या नावाची आहे, ती नेते. देवाचा डबा देवाला. तो माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाय, सांगून ठेवते! भागू, ऊठ."

भागूनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी सांगू शकत नाय. तिच्या ओठाचा एक कोपरा लहानपणी रडायच्या आधी हलायचा, तसा हलला.

तेव्हा मी ते बोलले, जे माझ्या तोंडून नवऱ्यानंही कधी ऐकलं नव्हतं.

"विहीणबाई, चुकलं माझं."

साळूबाईनं कानाला हात लावला. "काय म्हणालात? आवाज बारीक आला."

"चुकलं माझं."

"कुणाचं?"

"माझं! द्वारकाबाईचं! चुकलं!" मी एवढ्या जोरात बोलले, की रस्त्यावरून जाणारा भाजीवाला थांबला. मला वाटलं, भुईनं आता जागा द्यावी, मी समईसकट आत जाते. पण भुई आमच्या प्लॉटची, नुसता मुरूम, ती कशाला फाटते!

साळूबाईच्या तोंडावर जे समाधान पसरलं ना, तुपात सोडलेल्या धोंड्यावर तकाकी येते तसं! तरी तिनं बॅग उचललीच. माफी घेतली आणि लेकही नेणार! आता एकच माणूस तिला अडवू शकत होता. तिचा पोरगा.

मी सूर्यभानकडं बघितलं. भागूनं बघितलं. साऱ्या बायांनी बघितलं. आता बोल रे बाबा! बायकोसाठी बोल, पोटातल्या लेकरासाठी बोल!

पाटावर सूर्यभान नव्हता.

तो माजघराच्या दारात पालथा पडला होता. कुठून तरी स्क्रू काढायचा पेचकस मिळवला होता, डबा उघडून पोटातली हिरवी पट्टी बाहेर काढली होती, आणि बायकोच्या केसातला चिमटा, व्हय, भागूच्या डोक्यातला चिमटा त्यानं कधी काढून घेतला देवाला ठाऊक, त्या चिमट्यानं एकेक नाणं उचलत होता. बाजूला धोंड्याच्या ताटावर माशी बसली होती. इकडं आमच्या जिवावर बेतलं होतं आणि हा फुंकर मारत होता! फू... फू...

"सूर्यभान!" साळूबाई गरजली. "चल, निघायचं!"

"हां," तो म्हणाला. मान वर नाय.

"अरे, तुझ्या हातात मेलेल्याच्या नावाचं दिलंय यांनी!"

"हां आई. काळजी नको. नुसतं एक नाणं आत अडकलंय, बाकी जळालं काही नाय."

"सूर्यभान, गाडीला उशीर होतोय!"

"तुम्ही व्हा पुढं, आई. हे आजच्या आज व्हायचं नाय. कथिलाचा डाग द्यावा लागंल, सामान आणावं लागंल. महिना-दोन महिने रोज शिफ्ट सुटली की इकडं यावं लागंल मला."

"डबा घरी आण ना मग मेल्या!"

आता त्यानं मान वर केली, आणि निरागस लेकरावाणी म्हणाला, "आणला असता. पण तू आत्ताच म्हणालीस ना, उंबऱ्याच्या आत येणार नाय? तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का?"

साळूबाईच्या हातातली बॅग भुईला टेकली!

"आणि भागूला राहू दे इथं," तो पुन्हा डब्यात डोकं घालत बोलला. "मी रोज इथं आलो तर मला जेवायला कोण वाढणार? मामींना कशाला त्रास? भागू, जरा बॅटरी धर गं इकडं. पोट सांभाळून ये."

साळूबाईनं पोराकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, अर्पण झालेल्या डब्याकडं बघितलं. स्वतःचा शब्द गिळावा तर चारचौघीत हसं, नाय गिळावा तर पोरगा सासुरवाडीला! मघाशी माझं जे झालं होतं, ते आता तिचं झालं. मला वाटलं होतं, त्याचा मला लई आनंद होईल. पण खरं सांगते, झाला नाय. त्या भाजलेल्या तोंडाची चव माझ्या तोंडात अजून ताजी होती. मी पुढं झाले आणि नुसतं म्हटलं, "विहीणबाई, बसा. धोंडे गरम करून आणते."

ती बसली. बॅगेचा बंद सोडला. भागूनं बॅग उचलायच्या आधी मीच उचलली आणि आतल्या खोलीत, माझ्या खाटेजवळ नेऊन ठेवली. तिथं दाराआड दोन घटका उभी राहिले. रडले नाय. नुसतं नाक शिंकरलं!

बाहेर आले तर पंगत बसली होती. साळूबाई मांडीवर समई घेऊन धोंडे खात होती आणि भामाबाईला पटवून सांगत होती, की नाव किती सुबक कोरलंय. मालकांनी टीव्ही ओढून दिला होता. सूर्यभाननं वायरी जोडल्या, खिशातली कॅसेट फटीत खुपसली, सगळ्या बाया घास हातात धरून बघायला लागल्या. पडदा काळा. मग खरखर. मग दोन बाजूला दोन पांढऱ्या दांड्या आल्या, आणि मधोमध एक ठिपका, हललाच नाय.

"अडकलंय अजून," सूर्यभान म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद, जसा काही जग जिंकलं! दोन महिन्यांचं काम मिळालं ना त्याला!

मी ताट उचललं, माशी हाकलली, त्याच्यासमोर मांडी घालून बसले. तुपात बुडवलेला धोंडा त्याच्या हातात कोंबला, आणि साळूबाईला, शेजारणींना, रस्त्यावरच्या भाजीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"जावईबापू, तुम्ही येडे आहात! पण शहाणे असता ना, तर आज माझी लेक माघारी गेली असती. देव तुम्हाला असंच ठार येडं ठेवो. खा आता!"